सव्वातीनची गाडी

६ जानेवारी, सोमवार

आज प्रयोग सुरू झाला. एकोणीस वर्षं ज्याच्या मागे लागलो होतो तो आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, पहिल्या खुर्चीवरच्या पेशंटला सुई टोचली त्या क्षणी, सुरू झाला. पेशंट "आई गं" म्हणाला. उद्घाटनाचं भाषण एवढंच.

हॉस्पिटलच्या संशोधन समितीने नोंदींसाठी एक जाड वही दिली आहे. पानांना क्रमांक आहेत आणि खाडाखोड केली तर शेजारी सही करायची. तिच्यात "आज मला फार आनंद झाला" असं लिहिता येत नाही, म्हणून ही दुसरी वही. हिच्यात वाटेल तेवढी खाडाखोड करणार आहे.

पुढेमागे हे मीच वाचीन आणि तोवर डोकं चालेनासं झालेलं असेल, तेव्हा सोप्या भाषेत लिहून ठेवतो. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांनी प्यालेलं पाणी अंगातच साठतं. दोन डायलिसिसच्या मधे कोणाचं वजन दोन किलोंनी वाढतं, कोणाचं चार. ते सगळं मशीनला चार तासांत ओढून काढावं लागतं. जितकं जास्त ओढायचं तितके पायात गोळे, तितकी चक्कर, तितका हृदयावर ताण. "पाणी कमी प्या" हे आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षं सांगतो आहोत आणि पेशंट वर्षानुवर्षं मान हलवत आहेत. माझं म्हणणं असं की तहान लागते ती मिठाने, आणि त्यातलं थोडं मीठ मशीनमधून आम्हीच अंगात सोडतो. मशीनच्या पाण्यातलं सोडियम किंचित उतरवलं तर तहानच कमी लागेल. सांगायला नको आणि रागवायलाही नको.

सोम-बुध-शुक्रवाल्यांना माझं कमी सोडियमचं पाणी, मंगळ-गुरू-शनिवाल्यांना नेहमीचं. तीन महिन्यांनी दोन्ही गट शेजारी ठेवून बघायचे. माझा गट पुढे दिसला तर समिती हाच प्रयोग आठ हॉस्पिटलांत करायला परवानगी देईल. नाही दिसला तर माझी फाइल कपाटात जाईल, आणि तिच्या पाठोपाठ मीही.

७ जानेवारी, मंगळवार

आत्याला नेहमीप्रमाणे वॉर्डात सोडलं. ती मंगळ-गुरू-शनिची. माझ्या नात्यातली म्हणून प्रयोगात नाही, पण बसते त्याच लोकांत, सातव्या खुर्चीवर. माझी आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, पार्सल ऑफिसच्या काउंटरवर तीस वर्षं नोकरी करून. आता दोन वर्षं मशीनवर आहे आणि आमच्याकडेच राहते. हल्ली बोलत नाही. सुई टोचली की डोळे मिटते ते चार तास.

आज गाडीत आपणहून म्हणाली, "या मशीनचं एकदा तुझ्याशी बोलायचंय. सावकाशीने."

मला इतकं बरं वाटलं! दोन वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या कामात रस घेतला. म्हटलं, सावकाशीने कशाला, आत्ताच सांगतो. तीन सिग्नल लाल लागले तेवढ्यात सोडियमचं सगळं पहिल्यापासून समजावून दिलं. ती "हं" म्हणाली.

घरी बायकोला हे सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे बोललं कोण, तुम्ही की त्या?"

२१ जानेवारी, मंगळवार

मंगळवारच्या गटात आठव्या खुर्चीवर एक काका आहेत, जन्मभर बस चालवलेले. दर खेपेला ३.२५ किलो वाढवून आणतात. आज मी त्यांना चांगलंच झापलं. सगळ्या वॉर्डासमोर. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले.

नंतर वाईट वाटलं. खरं तर ते मला सोयीचेच आहेत. मंगळवाल्यांचं वजन वाढतंच राहिलं तर माझा सोमवारचा गट उठून दिसेल. हे समितीच्या वहीत लिहिता येण्यासारखं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

साडेदहाला कागद गोळा करायला वॉर्डात गेलो. पडद्यापलीकडून आत्याचा आवाज. हो, आत्याचाच! "ऐकलंत का, सव्वातीनची आज पावणेतीनला आली!" आणि पाठोपाठ पाच-सहा जणांचं हसणं.

ड्रायव्हरकाका निवृत्त झाले तरी बसचं वेळापत्रक काही सुटत नाही बिचाऱ्यांचं. पण सव्वातीनची गाडी अर्धा तास आधी आली तर उतारूंची केवढी पंचाईत! यात हसण्यासारखं काय, कोण जाणे. आत्या हसली हे मात्र छान. तिचं हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वॉर्डच्या सिस्टरांना बोलावून स्पष्टच विचारलं. गेले दोन आठवडे येता-जाता कानावर पडतंय, "दीडचं सव्वा झालं," "अडीचचे पावणेदोनवर आले." मशीनं इतकी मागेपुढे सुरू होत असतील तर माझ्या नोंदींचा बोऱ्या वाजेल.

सिस्टर म्हणाल्या, "नाही सर, मशीनं वेळेवर आहेत. त्यांचं वेळापत्रक मात्र सुधारतंय." आणि तोंडावर मास्क ओढून निघून गेल्या. चांगल्या बाई आहेत, पण कधी कधी अर्धवट बोलतात.

वजनकाटा परवा दुरुस्त करून आणला. आता ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ही शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे घरात पुठ्ठे आणि डिंक कायमचेच. काल जेवणाच्या टेबलावर एक मोठं गोल घड्याळ कापत बसली होती. मधे लाल काटा, कडेने पाव, अर्धा, पाऊण अशा रेघा. पण आकडे शून्यापासून चारपर्यंतच.

"पुढचे आठ तास कुठे गेले?" मी विचारलं.

"आमच्या वर्गाला चारपर्यंत पुरतं," ही म्हणाली. आत्या समोर बसून रेघा मोजत होती. म्हणाली, "पाचपर्यंत कर गं. तो नवीन आलाय ना, त्याला लागेल."

एका मुलासाठी पाचपर्यंतचं घड्याळ! मी या शिक्षणपद्धतीवर काही बोललो नाही. दोघी खुशीत होत्या.

आत्याला आता पावणेसातलाच वॉर्डात पोचायचं असतं. मी शर्ट घालतोय तोवर ती दारात उभी, पायात चपला, हातात पिशवी. पूर्वी तिला अंथरुणातून उठवताना माझ्या नाकी नऊ यायचे.

११ मार्च, मंगळवार

एक कोडं. वॉर्डात खिडकीजवळची खुर्ची एकच आहे. तिच्यावरून आणि टीव्हीच्या रिमोटवरून वर्षभर भांडणं होती. आता भांडण नाही आणि दर वेळी तिथे दुसराच कोणी बसलेला दिसतो, मांडीवर रिमोट, चेहऱ्यावर राजाचा रुबाब. सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "पाळीपाळीने, सर." पण पाळी जुळत नाही. लुंगी नेसून येणारे दुकानदार दोनदा बसले, शिवणकामवाल्या मावशी तीनदा. मी टिपून ठेवलं आहे. संशोधकाची सवय.

४ एप्रिल, शुक्रवार

तीन महिने पूर्ण. आमच्या विभागात आकड्यांचं काम करणारी एक तरुण मुलगी आहे. सगळे तिला आकडेवाली म्हणतात, तीही स्वतःला तेच म्हणवते. दुपारी ती कागद घेऊन आली आणि उभीच राहिली.

"सर, तुमचा गट. दोन पॉइंट नऊवरून दोन पॉइंट सहावर आला."

मी खुर्चीतून उठलोच. तीनशे ग्रॅम! एकोणीस वर्षं लोक मला हसत होते. तिचा हात धरून गदागदा हलवला. ती काही हसेना.

"आणि दुसरा गट, सर, दोन पॉइंट नऊवरून एक पॉइंट नऊवर."

मी म्हटलं, "उलटं वाचलंस."

"तीनदा वाचलं."

ज्यांना मी काहीच दिलं नाही ते माझ्या तिपटीने सुधारले. याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. याला प्रयोग फसला म्हणतात. समितीपुढे अहवाल ठेवायला चोवीस दिवस उरलेत.

५ एप्रिल, शनिवार

काटा! फेब्रुवारीत काटा दुरुस्तीला दिला होता! तेव्हापासून तो कमी दाखवत असणार. तेव्हापासूनच्या सगळ्या नोंदी रद्द. सकाळी अंघोळ करताना सुचलं आणि अर्धवट पुसलेल्या अंगाने आकडेवालीला फोन केला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, काटा दोन्ही गटांना एकच आहे."

असं आहे खरं.

७ एप्रिल, सोमवार

मंगळवाल्यांतले जे सहाजण सगळ्यात जास्त उतरले ते "अपवादात्मक" म्हणून काढून टाकले तर दोन्ही गट सारखे होतात. आठजण काढले तर माझा गट पुढे जातो. मी हे कागदावर करून बघितलं. फक्त बघायला म्हणून केलं, पण केलं.

आकडेवालीला दाखवलं. वाटलं चिडेल. चिडली नाही. म्हणाली, "काढू या, सर. पण का काढले ते एका वाक्यात लिहा. वाक्य खरं असलं की मी सही करते."

दुपारभर ते वाक्य लिहीत बसलो. बावीस वेळा खोडलं. वय लिहिलं, हवामान लिहिलं, आहार लिहिला. खरं कारण मला माहीतच नाही हेच काय ते खरं. त्या लोकांबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत मी कधी बसलोच नाही. साडेदहाला जायचं, कागद उचलायचे आणि यायचं. उद्या आत्याला सोडून परत फिरणार नाही.

८ एप्रिल, मंगळवार

हातात पेन धरवत नाही इतका हसलोय.

आत्या म्हणाली, "तू जा, मी जाईन वर." मी "बरं" म्हणालो, गाडी लावली आणि दहा मिनिटांनी मागच्या जिन्याने वर गेलो. वॉर्डात सगळे काट्याभोवती कोंडाळं करून उभे. चादरींच्या कपाटाचं दार उघडं आणि दाराच्या आतल्या बाजूला आमच्या हिचं घड्याळ! सिस्टर लाल काट्याला हात लावून तयार. आत्या सगळ्यांच्या पुढे, कमरेवर हात.

ड्रायव्हरकाकांनी चपला काढल्या, खिशातल्या किल्ल्या काढल्या, मोबाइल काढला. आत्याने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, तीस वर्षं पार्सलं न्याहाळली तसं. म्हणाली, "पावणेदोन."

काका काट्यावर चढले. सिस्टरांनी मागच्या खेपेचं वजन वजा केलं आणि ओरडल्या, "दीड!"

काय तो जल्लोष! "सव्वातीनची गाडी दीडला आली!" मावशी टाळ्या पिटत होत्या. लुंगीवाले दुकानदार "छे, छे, यांनी काट्याला लाच दिली" म्हणत होते. काका दोन्ही हात वर करून खिडकीकडच्या खुर्चीत जाऊन बसले आणि रिमोटसाठी हात पुढे केला.

मी तिथे उभा. गेले दोन महिने हे लोक माझ्या नाकासमोर किलो बोलत होते आणि मी वाजलेले किती ते मोजत होतो! आम्ही डॉक्टर "तीन पॉइंट पंचवीस" म्हणतो. सव्वातीन किलो असं मी शेवटचं कधी म्हणालो असेन ते आठवत नाही. सव्वा, दीड, पावणेदोन हे माझ्यापुरतं फक्त घड्याळात उरलं होतं.

मग कोणाची तरी नजर माझ्यावर गेली आणि वर्गात मास्तर यावेत तशी सगळी चिडीचूप झाली. सिस्टरांनी कपाटाचं दार लावायला घेतलं.

"राहू दे गं," आत्या म्हणाली. "आलास? मग काढ चपला. हो उभा."

"मी कशाला?"

"इथे येणारा प्रत्येकजण काट्यावर उभा राहतो."

उभा राहिलो. खिशात स्टेथोस्कोप राहिला म्हणून बाद झालो.

नियम घड्याळाखाली आमच्या हिच्या सुंदर अक्षरात लिहिलेले आहेत. सकाळचं खाऊन न येणारा बाद. उलटी-जुलाब झाले असतील त्याचा त्या दिवशीचा आकडा धरणार नाही. थोराड माणसाला पाव किलो माफ. ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याला खिडकी आणि रिमोट. आकड्याला हसायचं, माणसाला हसायचं नाही.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

आत्या म्हणाली, "सांगितलं असतं तर तू त्याचा फॉर्म केला असतास."

९ एप्रिल, बुधवार

हसू ओसरल्यावर राग आला. कोणावर ते कळेना म्हणून जेवणावर काढला. ही म्हणाली, "भाजीने काय केलंय?"

एकोणीस वर्षं! किती कागद, किती समित्या, किती लोकांची "हो का?" म्हणून उंचावलेली भुवई. आणि पुढे कोण गेलं, तर खिडकीजवळची खुर्ची.

दुपारी सगळ्या मंगळवाल्यांचे रक्ताचे रिपोर्ट काढून बघितले. कोणी उपाशी राहून आकडा उतरवला असेल तर हा खेळ मी आजच्या आज बंद करणार होतो. कोणी नाही. उलट सगळे आधीपेक्षा बरे जेवतात, रक्तदाब खाली, पायातल्या गोळ्यांच्या तक्रारी निम्म्यावर. मी एकेक कागद उलटत गेलो आणि राग कुठे गेला ते कळलं नाही. हे लोक बरे आहेत. मी याच्यासाठीच डॉक्टर झालो होतो की मी शोधलेल्या कारणानेच ते बरे व्हावेत यासाठी?

आकडेवालीला सगळं सांगितलं. तिने "थोराड माणसाला पाव किलो माफ" दोनदा वाचलं. म्हणाली, "सर, आपण सगळ्यांना नुसते किलो लावले. आत्यांनी अंगाच्या मानाने लावलेत. आत्यांचं बरोबर आहे."

"आणि माझं?"

"तुमचं मीठ खोटं नाही, सर. लहान आहे."

१२ एप्रिल, शनिवार

आत्याला घेऊन घरी येत होतो. सहज विचारलं, "हे सुचलं कसं तुला?"

तिने मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "जानेवारीत मी मशीन बंद करायचं ठरवलं होतं."

मी गाडी बाजूला घेतली.

"तुला त्या दिवशी गाडीत सांगायलाच निघाले होते. तू सोडियम सांगायला लागलास. इतका खूश होतास की म्हटलं, जाऊ दे, पुढच्या आठवड्यात सांगू. मग तू त्या ड्रायव्हरला झापलंस. तो चार तास भिंतीकडे तोंड करून पडला. जाताना काट्याजवळ घुटमळला तेव्हा मला काही राहवेना. म्हटलं, काय हो, तुमची सव्वातीनची गाडी रोज अशी भरूनच येते का? तर हसला. म्हणाला, शनिवारी तीनला आणून दाखवतो. आता आणतो की नाही हे बघायला तरी यायला नको?"

"आणली?"

"बरोबर तीनला. मग म्हणाला, पुढच्या शनिवारी पावणेतीन. म्हणजे आलं परत येणं. मग त्या मावशी म्हणाल्या, माझंही सांगा की अंदाजाने. असं करता करता एप्रिल आला."

मी रडलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. आत्या पाठीवर हात फिरवत राहिली. म्हणाली, "रडून घे. तुझं पाणी असं फुकट जातं. आम्हाला मशीन लागतं."

१४ एप्रिल, सोमवार

मला वाटलं, त्यात काय एवढं. दुसरं घड्याळ हिच्याकडून करून घेतलं आणि सोमवारच्या गटापुढे उभा राहिलो. खेळाचा हेतू सांगितला, नियम वाचून दाखवले, सात स्लाइड दाखवल्या. गंमत कशी वाटून घ्यायची तेही सांगितलं. बाराजण माझ्याकडे बघत बसले.

शेवटी एक आजोबा म्हणाले, "डॉक्टर, हे गोळ्यांच्या आधी करायचं की नंतर?"

१६ एप्रिल, बुधवार

आत्या आज आली. बुधवार म्हणजे तिचा सुट्टीचा दिवस, काल चार तास मशीनवर काढून आलेली. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "तू तुझ्या त्या स्लाइड घरी ठेव."

काट्यापाशी उभी राहिली आणि त्याच आजोबांना म्हणाली, "तुम्ही अडीच. पण मिशा काढल्यात तर सव्वादोन." आजोबा खवळले. "पैज?" म्हणाले. चढले काट्यावर. अडीच निघाले. उरलेले अकराजण उठून रांगेत उभे राहिले, काठी टेकत, नळ्या सांभाळत.

एक जण नुसताच उभा होता, चार किलोच्या वर नेहमी. आकडा सांगायला लाजत होता. आत्या त्याच्या कानात काहीतरी म्हणाली आणि तो आपणहून ओरडला, "साडेचार!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साडेचारला टाळ्या! मी तीस वर्षं या धंद्यात आहे, असं कधी बघितलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

अहवाल दिला. निष्कर्षाचं पान सव्वीस वेळा लिहिलं, पण या वेळी खरं कारण माहीत होतं म्हणून मजा आली. सोडियमने तीनशे ग्रॅम. खेळाने एक किलो. कोणालाही वगळलेलं नाही. खेळ संशोधकाच्या अपरोक्ष, किंबहुना तो हजर नव्हता म्हणूनच, सुरू झाला. आकडेवालीने सही केली.

हॉस्पिटलचे मोठे साहेब म्हणाले, "अहो, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. समिती विचारणार, हा उपचार आहे की पोरखेळ? परवानगी विसरा." मी म्हटलं, विचारू द्या. धास्ती मात्र त्यांना दाखवली नाही. परवानगी नाही मिळाली तर हे सगळं एका वॉर्डातच राहील, आणि आठ हॉस्पिटलांतली माणसं चपलांकडे बघत राहतील.

७ मे, बुधवार

समितीने आत्यालाही बोलावलं होतं. मी तिला दारातच सांगितलं, थोडक्यात बोल. ती म्हणाली, "तू तीन सिग्नल घेतोस आणि मला सांगतोस?"

लांब टेबल, सातजण. अध्यक्षबाई नावाजलेल्या हृदयतज्ज्ञ, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी अहवाल उघडला. "सोडियमचं समजलं. हे दुसरं समजलं नाही. उपचार म्हटला की डोस लागतो. या खेळाचा डोस काय?"

मी अहवालात डोस शोधायला पानं उलटू लागलो. एकोणीस वर्षं डोसच ठरवत आलो होतो.

आत्या म्हणाली, "बाई, पूर्वी आम्ही काट्यावर उभे राहिलो की आकडा कागदावर जायचा. कागद डॉक्टरकडे जायचा. आणि डॉक्टरकडून आमच्याकडे यायची ती बोलणी. पार्सलसुद्धा असंच असतं, त्याच्यावर काय लिहिलंय ते त्याला कळत नाही. आता आकडा आधी आमच्याकडे येतो. कितीही वाईट असला तरी आम्ही तो मोठ्याने सांगतो आणि लोक ऐकतात. एवढंच केलंय. डोस काय असेल तो तुम्ही ठरवा."

एका सदस्यांनी मला विचारलं, जरा हळुवारपणेच, "आणि तुमची एकोणीस वर्षं, डॉक्टर?"

"तीनशे ग्रॅम," मी म्हटलं.

"पाव किलोपेक्षा जास्तच की," आत्या म्हणाली. सगळी समिती हसली, आणि मी सगळ्यांत मोठ्याने.

परवानगी मिळाली. आठही हॉस्पिटलं. अट एकच, प्रयोगाचं नाव बदलायचं. अध्यक्षबाईंनी पेन पुढे केलं आणि मी माझ्या हाताने "सोडियम" हा शब्द खोडला. शेजारी सही केली. वाटलं होतं त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंसुद्धा दुखलं नाही. उलट भूक लागली.

"सुरुवात आत्याबाईंनाच करून द्यावी लागेल," बाई कॅलेंडर उघडत म्हणाल्या. "पहिलं हॉस्पिटल तेरा तारखेला. मंगळवार. चालेल ना?"

"मंगळवारी नाही जमायचं मला," आत्या म्हणाली.

"काही अडचण?"

"अडचण कसली? मंगळवारी मला डायलिसिसला जायचं असतं. माणसं वाट बघतात तिथे."

दुसऱ्या कोणी लग्नघरी जायचंय म्हणून सांगावं, तशी म्हणाली. बाईंनी तारीख खोडून चौदा केली, बुधवार. मला इतिवृत्त लिहून घ्यायचं होतं, पण बराच वेळ समोरचा कागदच दिसेना, म्हणून ते आकडेवालीने लिहून घेतलं.